हुलग्याचं दाट, पोटभरीचं सूप: रोळण्यापासून वाटीत ओतेपर्यंत सगळं

जानेवारीत सोलापुरात गड्ड्याची जत्रा चालू असते ना, तेव्हा होम मैदानावर पाय दुखेपर्यंत फिरून रात्री घरी आलं की अंगात थंडी भरलेली असते आणि पोटात भूक, आणि अशा वेळी आमच्याकडं पहिल्यापासून गॅसवर एकच पातेलं असतंय, हुलग्याच्या कटाचं, म्हणजे हुलगा शिजवलेल्या पाण्याचं. मोठ्या वाटीत ओतायचं, वाटी दोन्ही हातात धरायची, आधी नुसतं प्यायचं आणि मग उरलेल्यात भाकरी कुस्करायची. लहानपणी याला आम्ही सूप वगैरे म्हणत नव्हतो, कट म्हणायचो नाहीतर पातळ आमटी. सूप हा शब्द माझ्या भाचीमुळं घरात आला.

भाची पुण्यात शिकते, हॉस्टेलला राहते. तिनं दूधदुभतं पूर्ण सोडलं, तूप पण नाही, ताक पण नाही. सगळ्या घराला काळजी लागली की आता ही पोरगी खाणार काय. सुट्टीत आली तेव्हा तीच म्हणाली, "मावशी, तू हुलग्याचं करतेस की, त्यात वरचं तूप सोडलं तर दुधाचं काय असतंय?" खरंच काही नसतंय. आमच्याकडचं निम्मं रोजचं जेवण असंच आहे, शेंगा, डाळी, भाकरी, तेल. तुपाच्या जागी मी शेंगतेल आणि दाण्याचं कूट वाढवलं आणि खरं सांगते, आता घरात सगळ्यांना हेच जास्त आवडतंय. तिला फोनवर दहा वेळा सांगून झालं, म्हणून एकदा नीट सगळं लिहून काढते.

हुलगा म्हणजेच कुळीथ. कोकणात कुळीथ म्हणतात, तिकडं त्याची पिठी करतात. आमच्या शेजारच्या अक्का कन्नड बोलतात, त्यांच्याकडं तो हुरळी, आणि शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत उलवलु. तिन्ही भाषांची माणसं एकाच गल्लीत राहतात आणि तिघंही हुलगा शिजवलेलं पाणी फेकत नाहीत, अक्का त्याचं कट्टिन सारु करतात, आंध्राकडं त्याचंच आटवून आटवून उलवचारू करतात. मी खाली जे सांगणार आहे त्यात अक्कांकडून घेतलेलं बरंच आहे.

आणि एक आधीच सांगते. हे सूप मसाल्यामुळं बिघडत नाही. बिघडतंय ते पाण्यामुळं, नाहीतर आंबट लवकर पडल्यामुळं. मसाला कमीजास्त झाला तरी खाता येतं, पण हुलगा कचकचीत राहिला की सगळं फुकट.

हुलगा आणताना

चार जणांना पोटभर व्हायला 200 ग्रॅम हुलगा पुरतो. बाजारात तांबूस आणि काळपट असे दोन्ही मिळतात, चवीला दोन्ही चांगले, काळ्याचा कट जरा गडद येतो. मुठीत घेऊन बघा, दाणा चपटा, गुळगुळीत आणि थोडी चकाकी असलेला पाहिजे. बारीक भोकं दिसली किंवा पिशवीच्या तळाला पीठ साचलेलं दिसलं की किडा लागलाय, घेऊ नका. हा माळरानावरच्या हलक्या, मुरमाड जमिनीत कमी पाण्यावर येणारा दाणा आहे, नवा माल दिवाळीनंतर यायला लागतो. दुकानदाराला सरळ विचारा, नवा आहे का जुना. हे विचारण्याला कारण आहे, कडधान्य उष्ण जागेत वर्षानुवर्षं पडून राहिलं की त्याचं साल आणि आतलं सगळं असं घट्ट होऊन बसतं की कितीही शिट्ट्या करा, मऊ होत नाही. आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत डबा ठेवला तर एका उन्हाळ्यातच फरक कळतो. म्हणून मी दोन महिन्यांपुरताच आणते आणि स्वयंपाकघरातल्या सगळ्यात खालच्या फळीवर ठेवते.

निवडणं आणि रोळणं

हे काम कंटाळवाणं वाटेल पण टाळू नका. हुलग्यात खडे असतात आणि ते नेमके हुलग्याच्याच रंगाचे आणि आकाराचे असतात, ताटात पसरून कितीही बघितलं तरी एखादा राहतोच, आणि दाताखाली आला की बास. आधी सुपात पाखडून टरफलं, कचरा काढा, मग रोळून घ्या.

रोळायचं कसं ते सांगते कारण भाचीला हा शब्दच माहीत नव्हता. एका पसरट पातेल्यात हुलगा घ्या, वरून भरपूर पाणी घाला. हाताची बोटं पसरून पाणी गोल फिरवा, हुलगा पाण्याबरोबर उचलला जाईल. तो फिरत असतानाच पातेलं तिरकं करून पाणी आणि वर आलेला हुलगा दुसऱ्या पातेल्यात सोडा, सगळा नाही, थोडाच. परत पाणी घाला, परत फिरवा, परत सोडा. खडा जड असतो, तो तळाला बसून राहतो. असं करत करत शेवटी पहिल्या पातेल्यात मूठभर हुलगा उरतो, तो घाई न करता थोडा थोडा सोडा, आणि अगदी शेवटच्या आठ-दहा दाण्यांत बघा, तळाला तीन-चार खडे टिकटिक वाजताना सापडतील. तो आवाज ऐकला की मला बरं वाटतं, म्हणजे ते दाताखाली यायचे वाचले. हेच सगळं दोन वेळा करा.

पाणी

आता मुख्य गोष्ट. आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि साठवलेलं संपलं की बोअरचं वापरावं लागतं. काही वर्षांपूर्वी असंच घरी पाहुणे येणार होते, नळाचं पाणी संपलेलं, मी बोअरच्याच पाण्यात हुलगा भिजवला, बोअरच्याच पाण्यात कुकरला लावला आणि वेळ वाचावा म्हणून चिंच, टोमॅटो, सगळं एकदमच आत टाकलं. आठ शिट्ट्या झाल्या, उघडून बघितलं तर दाणा टणक. आणखी सहा केल्या. साल थोडं सुटलं पण आतून तसाच. अक्का पाणी मागायला आल्या होत्या, त्यांनी एक दाणा चिमटीत धरून बघितला आणि म्हणाल्या, "आंबट आधी टाकलंय की तुम्ही. आता हा शिजायचा न्हाई, उद्या वाटून वडे करा." मी तेच केलं, आणि पाहुण्यांना त्या दिवशी मुगाचं वरण केलं.

कारण असं आहे. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असतं, ते दाण्याच्या आतल्या पेशींना धरून ठेवणाऱ्या पेक्टिनला जाऊन चिकटतं आणि ते पेक्टिन विरघळतच नाही, म्हणून दाणा मऊ होत नाही. आंबटामुळं पण तेच होतं, आंबट पाण्यात पेक्टिन सुटत नाही. म्हणजे मी त्या दिवशी दोन्ही बाजूंनी वाट अडवली होती.

तर भिजवायला आणि शिजवायला नळाचं साठवलेलं पाणी घ्या, नाहीतर फिल्टरचं, धुवायला आणि रोळायला बोअरचं चालेल. भिजवताना एक लिटर पाण्याला दोन चहाचे चमचे साधं मीठ टाका. मिठानं कडधान्य कडक होतं असं आपण ऐकत आलोय, पण भिजवायच्या पाण्यात मीठ टाकलं तर उलट होतं, मिठातलं सोडियम सालातल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ पडतं. मी दोन्ही करून बघितलंय, मीठ घातलेला हुलगा लवकर शिजतो आणि फुटून लगदा होत नाही. बोअरशिवाय पाणीच नसेल तर शिजवताना अगदी चिमूटभर खायचा सोडा टाका, चिमूटभरच, जास्त झाला तर साबणासारखी चव येते आणि बी-1 जीवनसत्त्व पण जातं.

हुलगा 10 ते 12 तास भिजला पाहिजे. रात्री टाकला की सकाळी तयार. उन्हाळ्यात मात्र सोलापूरच्या गरमीत रात्रभर ओट्यावर ठेवला तर सकाळी फेस येऊन आंबूस वास मारतो, तेव्हा भांडं फ्रीजमध्ये ठेवा. मोड आणायचे असतील तर भिजल्यावर निथळून ओल्या फडक्यात बांधून एक-दीड दिवस ठेवा, मोड आलेल्याचं सूप गोडसर लागतं आणि पोटाला हलकं, पण मला स्वतःला मोड न आणलेल्याचा कट आवडतो, त्याला तो मातीसारखा खमंग वास असतो.

सकाळी भिजवलेलं पाणी फेकून द्या. कट जपून ठेवा म्हटलं की लोक हे पण पाणी ठेवतात, ते नको. ज्यानं पोटात गॅस होतो ती साखर बऱ्यापैकी या पाण्यात उतरलेली असते. फेकायचं ते भिजवलेलं, ठेवायचं ते शिजवलेलं.

कुकर

भिजलेला हुलगा दोन पाण्यांनी धुऊन कुकरमध्ये घाला, दीड लिटर ताजं पाणी, पाव चमचा हळद, एक चमचा तेल. बाकी काही नाही. तेल यासाठी की हुलग्याला फेस खूप येतो आणि तो शिट्टीत अडकतो. कुकर निम्म्याच्या वर भरायचा नाही, या मापाला पाच लिटरचा बरोबर होतो. झाकण लावायच्या आधी एक उकळी येऊ द्या, वर आलेला फेस पळीनं काढून टाका, मग झाकण.

मध्यम गॅसवर सात-आठ शिट्ट्या, मग गॅस बारीक करून 20 मिनिटं. नंतर बंद करून वाफ आपोआप जाऊ द्या, शिट्टी उचलून घाईनं काढू नका, त्या शेवटच्या वाफेतच दाणा आतून मऊ होतो. उघडल्यावर एक दाणा अंगठा आणि बोटात धरून दाबा. पिठासारखा सपाट झाला पाहिजे, मध्ये कणी लागता कामा नये. लागली तर परत चार शिट्ट्या. इथं समाधान झाल्याशिवाय पुढं जाऊ नका कारण पुढं चिंच पडणार आहे आणि चिंच पडल्यावर तो आहे तिथंच थांबतो.

मग चाळणीतून कट वेगळा काढा. तपकिरी, किंचित दाट, वासाला भाजक्या मातीसारखा. शिजलेल्या हुलग्यातला साधारण तिसरा हिस्सा बाजूला काढून थोड्या कटाबरोबर मिक्सरला अगदी मऊ वाटा. सूप दाट होतं ते याच्यामुळं, कॉर्नफ्लॉवर नको, क्रीम नको.

वाटण

हुलगा शिजत असतानाच हे होतं. एक कांदा सालासकट गॅसवर ठेवून सगळीकडून काळा होईपर्यंत भाजा, गार झाला की जळलेलं साल काढा. तव्यावर दोन मोठे चमचे सुक्या खोबऱ्याचा कीस लालसर भाजा, एक चमचा तीळ तडतडू द्या. हे सगळं, आठ-दहा लसूण पाकळ्या, इंचभर आलं, मूठभर कोथिंबिरीच्या काड्या आणि दोन मोठे चमचे भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट थोडं पाणी घालून बारीक वाटायचं. कोथिंबिरीची पानं वरून घालायला ठेवा. दाणे घरी मंद आचेवर भाजलेले घ्या, पांढऱ्या कच्च्या दाण्याचं कूट घातलं तर सूप मिळमिळीत लागतं.

तिखट म्हणून आपलं काळं तिखट, दोन चहाचे चमचे. सोलापुरात प्रत्येक घरचं काळं तिखट वेगळं, कुणाकडं दगडफूल जास्त, कुणाकडं लवंग, त्यामुळं तुमचं किती जहाल आहे ते बघून घाला. काळं तिखट नसेल तर लाल तिखट एक चमचा आणि गोडा मसाला एक चमचा, चव वेगळी येईल पण वाईट नाही.

फोडणी आणि उकळी

जाड बुडाच्या पातेल्यात तीन मोठे चमचे शेंगतेल तापवा. मोहरी तडतडली की जिरं, हिंग, आठ-दहा कढीपत्त्याची पानं. एक कांदा बारीक चिरून टाका आणि कडा तांबूस होईपर्यंत परता. मग वाटण. आता गॅस बारीक करून सात-आठ मिनिटं हलवत राहा, आधी ते ओलं, फिकट दिसतं, मग हळूहळू गोळा व्हायला लागतं, रंग गडद होतो आणि पळी बाजूला सरकवली की तिच्या मागं तेल दिसतं. तेल दिसलं की गॅस बंद करा आणि मगच काळं तिखट घाला, चालू गॅसवर टाकलं तर क्षणात जळतं आणि सगळ्याला कडू वास येतो. दोनदा हलवून लगेच वाटलेला हुलगा आणि पळीभर कट ओता, मग परत गॅस लावा.

आता सगळा कट, अख्खा हुलगा, चवीपुरतं मीठ, आणि पोटभरीचं करायचं असेल तर दोन गोष्टी. एक म्हणजे शेवग्याची शेंग, बोटाएवढे आठ-दहा तुकडे. दुसरं, ज्वारीच्या कण्या, दोन मोठे चमचे, अर्धा तास भिजवून ठेवलेल्या. कण्या सूपमध्ये शिजल्या की प्रत्येक घोटाला काहीतरी चावायला मिळतं आणि वेगळी भाकरी नाही केली तरी जेवण होतं, हॉस्टेलवाल्यांना तर हे फारच सोयीचं. आमच्या घरी मंगळवेढ्याकडची ज्वारी येते, तिला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालंय, तिच्या कण्या फुलतात छान. फक्त कण्या तळाला लागतात, अधूनमधून तळापासून हलवा.

उकळी आली की मंद गॅसवर 20 मिनिटं. पळीनं उचलून सोडलं की धार सलग पडावी पण पिठल्यासारखं जाड पडू नये, घट्ट वाटलं तर गरम पाणी घाला, गार नको.

शेंग मऊ झाली, कण्या फुलल्या, सगळं एकजीव झालं की मग चिंच. छोट्या लिंबाएवढी चिंच आधीच गरम पाण्यात भिजवून कोळून ठेवलेली, आणि सुपारीएवढा गूळ. पाच मिनिटं उकळून बंद करा. वरून कोथिंबीर. लगेच वाढू नका, दहा मिनिटं झाकून ठेवलं की वर तेलाचा तवंग येतो आणि मसाला मुरतो.

वाढताना

मोठ्या वाटीत, वरून अर्धा चमचा कच्चं शेंगतेल, शेजारी शेंगा चटणी, कच्चा कांदा, लिंबाची फोड. कडक भाकरी असेल तर तिचे तुकडे मोडून आत टाका, दोन मिनिटांत कट पिऊन मऊ होतात. लिंबू पिळाच, हुलग्यात लोह चांगलं असतं पण ते अंगी लागायला बरोबर सी जीवनसत्त्व लागतं, आणि त्याच कारणानं जेवल्या जेवल्या चहा नको, तासभर जाऊ द्या. प्रथिनं 100 ग्रॅम कोरड्या हुलग्यात साधारण 22 ग्रॅम असतात, म्हणजे या मापात माणशी 11 ग्रॅमच्या आसपास नुसत्या हुलग्यातून आली, दाणे आणि ज्वारी वेगळी. ज्वारीत लायसिन, म्हणजे प्रथिनांतला एक घटक, कमी पडतं ते हुलगा भरून काढतो. भाचीला मी एक मात्र बजावून सांगितलंय, बी-12 यातून अजिबात मिळत नाही, दूध पूर्ण सोडलेल्यांनी डॉक्टरांना विचारून त्याची गोळी घ्यावीच. आणि मूतखड्यावर म्हणून बरेच जण हुलग्याचं पाणी पितात, पण ज्यांना किडनीचा खरंच त्रास आहे त्यांनी ऐकीव माहितीवर जाऊ नका, आधी डॉक्टर.

हुलगा मिळाला नाही तर मटकी किंवा अख्खा मसूर चालतो, मसूर तर दोन-तीन शिट्ट्यांत होतो, कट तेवढा दाट आणि खमंग नाही येत. आणि वेळच नसेल तर माडगं करा, हुलगा भाजून दळून आणलेलं पीठ डब्यात ठेवायचं, तीन चमचे पीठ गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचं, उकळत्या पाण्यात सोडून हलवत दहा-बारा मिनिटं शिजवायचं. कुणी गूळ घालून गोड करतं, मी लसूण-जिऱ्याची फोडणी देऊन तिखट करते. ताप आलेल्या माणसाला हेच बरं.

उरलेलं सूप फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस राहतं आणि दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं, घट्ट झालेलं असतं त्यात गरम पाणी घालून नीट उकळा. भाचीला द्यायचं असलं की मी कण्या आणि शेंग न घालता, कमी पाण्यात दाट करते, गार झाल्यावर एकेका वाटीच्या पुड्या बांधून दोन दिवस फ्रीझरला ठेवते आणि सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं ती निघाली की वर्तमानपत्राच्या चार-पाच थरांत गुंडाळून डब्यात देते, चार तासांत पुण्याला पोचेपर्यंत मधला भाग गोठलेलाच असतो. तिकडं लगेच फ्रीझरला टाकायचं, आणि ज्या पुडीतलं पूर्ण पाणी झालेलं असेल ती त्याच दिवशी संपवायची. पुडीला दोन वाट्या पाणी, पाच मिनिटं खळखळून उकळी, आणि लिंबू गॅस बंद केल्यावर.